मिस्त्रींच्या गुलाबाची आंघोळ

गल्लीत सगळे त्यांना लाँड्रीवाल्या काकू म्हणत, पण काकूंची स्वतःची लाँड्री कधीच नव्हती. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं, तिथं त्यांनी सगळी नोकरी काढली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, वॉर्डातले पडदे. वाफेनं तिथल्या भिंतीसुद्धा घामेजलेल्या असत, आणि यंत्रांच्या घरघरीत शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागे. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी काकू घरात जरा मोठ्यानंच बोलत. कुणी हसलं तर म्हणत, "माझं आवाजाचं बटण तिथंच अडकलंय, आता काय करू?"

तिथून त्या एक श्रद्धा घरी घेऊन आल्या होत्या. जगातलं निम्मं दुखणं धुतल्यानं जातं, ही ती श्रद्धा. देवावर त्यांचा विश्वास होताच. सकाळी तसबिरीपुढं हात जोडल्याशिवाय त्या चहाला हात लावत नसत. पण देवानं आपलं निम्मं काम पाण्यावर सोपवलंय, असं त्यांचं पक्कं मत होतं. त्या भाजीची पिशवी धुवायच्या, चपला धुवायच्या, दाराची कडी धुवायच्या. लेक लहान असताना तिची कापडी बाहुली त्यांनी इतक्यांदा धुतली की बाहुलीचे नाकडोळे वाहून गेले. लेक भोकाड पसरून रडायला लागली, तर काकू म्हणाल्या, "अगं, पण स्वच्छ तर झाली ना."

त्यांचे यजमान बस डेपोत मेकॅनिक. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, आणि पुढं पुढं काकूही लोकांसमोर मिस्त्रीच म्हणू लागल्या. मिस्त्री मुळात कमी बोलणारे. डेपोत बोलून उपयोगही नसे. बस मागं घेत दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी करायची, तर इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला हाक कशी ऐकू जाणार? मग मिस्त्री मागं उभे राहून चाकांवर लक्ष ठेवत. सगळं ठीक असेल तर गप्प. गाडी चुकीची येऊ लागली की बसच्या पत्र्यावर थापांवर थापा. थाप ऐकली की ड्रायव्हरनं ब्रेक दाबायचा, मग का ते विचारायचं. "उलटं करून चालत नाही," मिस्त्री सांगत. "का विचारेपर्यंत गाडी खड्ड्यात जाते." काकूंनी ही गोष्ट जेवताना इतक्यांदा ऐकली होती की शेवटी शेवटी त्या ती न ऐकताच मान डोलवत.

डेपोच्या जुन्या फाटकाशी एक गुलाब होता. गर्द लाल, वासाचा. डेपो पाडून नवा बांधायचं ठरलं, तेव्हा मिस्त्रींनी कलमासाठी त्याच्या फांदीवरचे डोळे आणून घराच्या मागच्या अंगणात एका जंगली गुलाबावर भरले. त्यातला एक जगला. खिडकीखालीच तो वाढला, आणि तेव्हापासून घरात एक न लिहिलेला करार झाला: कपडे काकूंचे, गुलाब मिस्त्रींचा. काकूंनी झाडाला हात लावायचा नाही, मिस्त्रींनी इस्त्रीच्या कपड्यांना. रोज सकाळी मिस्त्री दोन फुलं तोडत. काटे कात्रीनं कापत नसत. अंगठ्याच्या पेरानं बाजूला रेटून कट् कट् मोडत. एक फूल देवाच्या तसबिरीपुढं आणि एक काकूंच्या डब्याच्या पिशवीत. काकू ते धुलाईखात्यात औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवत. वाफेच्या आणि साबणाच्या त्या वासात मधेच गुलाबाची झुळूक आली की इतर बायका म्हणत, "आला बाई हिचा नवरा कामावर."

काकू निवृत्त झाल्यावरही असंच सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका थंडीच्या सकाळी मिस्त्री बुटाची नाडी बांधता बांधता तसेच कलंडले.

इस्पितळ काकूंच्या ओळखीचं होतं, पण त्या तळघरातल्या. वरच्या मजल्यावर, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. जीव वाचला. उजवा पाय हळूहळू ओढत का होईना चालू लागला. वाचा मात्र गेली. तोंडातून "अं अं" एवढंच निघे. आणि उजवा हात. तो मुठीसारखा मिटला तो मिटलाच. त्याला चिमटा काढला तरी मिस्त्रींना कळत नसे.

घरी आल्यावर रोज एक व्यायाम करून घेणारी मुलगी येऊ लागली. काकू तिला फिजिओबाई म्हणत. चुणचुणीत होती, पण खोटी आशा लावणारी नव्हती. ती म्हणाली, "काकू, हे सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे. आता हाताला काम दिलं तर तो थोडाफार परत येईल. आत्ता आळस केला तर मूठ कायमची बसेल. मग मीही काही करू शकणार नाही."

तिनं रबरी चेंडू दिला. मिस्त्रींनी तो डाव्या हातानं उचलून कोपऱ्यात फेकला. लाकडी खुंट्या दिल्या, त्या पलंगाखाली गेल्या. चिकणमातीचा गोळा दिला, त्याकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की काकूंनीच तो उचलून ठेवला.

शेजारच्या गल्लीत मिस्त्रींची धाकटी बहीण राहायची. तिचं बटणं-धाग्यांचं दुकान होतं. दुपारी दुकान बंद करून ती रोज भावाला बघायला यायची. तिची जीभ तिच्या सुयांपेक्षा धारदार. ती म्हणाली, "दादा, लहानपणी माझे सगळे चेंडू पळवायचास. आता फुकट देतायत तर नको?"

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. खिडकीकडं.

खिडकीबाहेर गुलाब होता. फिजिओबाईनं ते पाहिलं. उठून तिनं देठासकट एक फूल तोडून आणलं आणि मिस्त्रींच्या मिटल्या मुठीपाशी ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवा अंगठा थोडासा हलला. काट्यापाशी जाऊन थांबला. मोडायचं बळ त्यात नव्हतं, पण कुठं जायचं ते त्याला ठाऊक होतं.

"झालं तर मग," फिजिओबाई म्हणाली. "आमचा चेंडू हाच. रोज दोन फुलं हवीत."

तेव्हापासून गुलाब हे औषध झालं, आणि झाडाची जबाबदारी काकूंच्या गळ्यात पडली. झाडाला कधी हात न लावलेल्या बाईच्या.

उन्हाळा तापला तशी पानं निस्तेज दिसू लागली. वर धूळ बसल्यासारखे बारीक फिकट ठिपके, कळ्यांजवळ कोळिष्टकासारखं काहीतरी. नणंद म्हणाली, "धूळ आहे, दुसरं काय." पण काकूंनी चष्मा चढवून पान उलटं केलं. खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके होते, आणि ते चालत होते. काकू मागं सरकल्या.

कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्यानं पान बघून सांगितलं, "लाल कोळी. उन्हाळ्यात कोरड्या हवेत होतात. सकाळी पाइपानं पानांच्या खालून जोरात पाणी मारा. भिजलेल्या जागी ते टिकत नाहीत."

पाणी मारा. काकूंच्या कानांना हे शब्द अगदी स्तोत्रासारखे वाटले. एवढंच ना? त्यांनी सकाळी सकाळी पाइप लावला आणि पानन् पान खालून धुऊन काढलं. रोज. मिस्त्री खिडकीशी बसून गप्प पाहत असत. काही दिवसांनी कोळी गेले, नवी पालवी तांबूस चमकत आली, आणि मागोमाग कळ्या. कळ्यांवर हिरव्या किड्यांचा मावा चिकटला तर काकूंनी बादलीभर पाण्यात थोडासाच साबण घालून तोही फडक्यानं पुसून काढला. साबणाचं प्रमाण त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नणंद जास्त घालायला निघाली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "वन्सं, पान आहे ते, सतरंजी नाही."

त्या दिवसांत फुलं इतकी आली की दोन मिस्त्रींना, एक देवाला, आणि कधीकधी एखादं फिजिओबाईच्या पर्सला. अंगठा काट्यावर टेकून आता दाबू लागला होता. काकू तसबिरीपुढं उभ्या राहून म्हणत, "तुझी कृपा, आणि पाण्याची."

मग हवा बदलली. आभाळ भरून राहू लागलं, दमट, कुंद. ऊन आलं तरी फिकट. त्याच सुमारास फिजिओबाईची वेळ बदलली आणि ती सकाळी लवकर येऊ लागली. सकाळी मिस्त्रींचं आटपायचं, तिच्यासोबत उभं राहायचं, म्हणजे झाडाला वेळ कुठला? काकूंनी झाडाची आंघोळ संध्याकाळी ठेवली. दिवसभराचं सगळं उरकलं की निवांत पाइप घेऊन उभं राहायचं. त्यांनाही तेवढाच विरंगुळा.

आणि थोड्या दिवसांत खालची पानं पिवळी पडू लागली.

आता पिवळं पान म्हणजे कोळी, हे काकूंना ठाऊक होतं. एकदा शिकलेला धडा त्या विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पाण्याचा जोर वाढवला. खालून मारत होत्या, आता वरूनही मारू लागल्या. पानं गळू लागली. त्यांनी आणखी धुतलं. नुसतं झाडच नव्हे, खालची जमीन, भिंत, कुंड्या सगळं ओलंचिंब. झाड जितकं पिवळं, तितकी आंघोळ मोठी.

याच काळात मिस्त्रींनी एक नवं खूळ सुरू केलं. काकू संध्याकाळी पाइप घेऊन बाहेर गेल्या की ते डाव्या हातात चमचा घेऊन खिडकीच्या गजावर वाजवायचे. ठण, ठण, ठण, ठण. काकू पाइप टाकून धावत आत यायच्या. "काय हवंय? पाणी? पाठीला उशी? बाथरूम?" मिस्त्री "अं अं" करत मान जोरजोरात हलवत, बाहेर बोट करत, आणि मग थकून डोळे मिटत.

"एकटं वाटतं त्यांना," काकूंनी नणंदेला सांगितलं. "मी दिवसभर कामात. संध्याकाळी जरा बसावं माणसाजवळ, तर मी झाडाजवळ."

"पाच मिनिटं दम निघत नाही त्याला," नणंद म्हणाली. "उभा जन्म कुणाशी दोन वाक्यं धड बोलला नाही, आणि आता बायको डोळ्यांआड झाली की चमचा. चांगलंय. उशिरा का होईना, प्रेम फुटलं."

काकू हसल्या, पण मनाला लागलं. त्या आंघोळ घाईघाईनं उरकू लागल्या. घाईत पाणी वरूनच पडे.

झाड ओकंबोकं झालं. फांद्यांच्या टोकांना दोन-चार पानं, बाकी नुसते काटे. एक जुनी फांदी शेंड्याकडून तपकिरी होत खाली वाळत चालली. फुलं थांबली. फिजिओबाईनं बाजारातून गुलाब आणून दिला. मिस्त्रींनी त्याकडं दुसऱ्या डेपोची गाडी बघावी तसं पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिला. अंगठा हलेना. फिजिओबाई मूठ उघडताना आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेत होती. त्याचा अर्थ काकूंना कळत होता.

लेकीनं दूरच्या शहरातून फोनवर फोटो मागवले. "आई, उपटून टाक. मी नवं झाड पाठवते, ऑनलाइन मिळतं."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाबांना ऑनलाइन चालत नाही."

फोन ठेवल्यावर त्या तसबिरीपुढं गेल्या. मागायची त्यांना सवय नव्हती. आभार मानायची होती. हात जोडून उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "कुठं चुकतंय ते तरी दाखव."

दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. बादली उचलताना अशी कळ आली की सरळ उभंही राहवेना. नणंद दुकान अर्ध्यावर बंद करून आली, काकूंना मिस्त्रींच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि पदर खोचला. "बसा राजाराणी. आज दासी हजर आहे. झाडाची आंघोळ मी घालते, नाहीतर तुम्हाला झोप लागायची नाही."

संध्याकाळ व्हायला आली होती. काकू मिस्त्रींच्या इतक्या जवळ होत्या की त्यांचा चहाचा कप काकूच धरून होत्या. नणंदेनं बाहेर नळ सोडला. पाण्याची पहिली धार पानांवर पडली, आणि मिस्त्रींचा डावा हात चमच्याकडं गेला.

ठण, ठण, ठण, ठण.

"अहो, मी इथंच आहे," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नजर बाहेर, पाण्याच्या धारेवर. चमचा वाजतच होता. नणंद बाहेरून ओरडली, "आता काय झालं? शेजारी बसलीये ना तुझी बायको?" आणि पाइप खाली धरून ती खिडकीपाशी आली. पाणी जमिनीवर, मुळाशी वाहू लागलं.

चमचा थांबला.

नणंदेनं पाइप पुन्हा वर उचलला. ठण, ठण, ठण.

काकूंनी कप खाली ठेवला. जेवताना इतक्यांदा ऐकलेली, ऐकून ऐकून न ऐकलेली गोष्ट त्यांच्या कानात पहिल्यांदा ऐकू आल्यासारखी ऐकू आली. सगळं ठीक असेल तर गप्प. गाडी चुकीची येऊ लागली की थापांवर थापा.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "नळ बंद करा."

"अजून अर्धं झाड राहिलंय."

"आधी बंद करा. का ते मग विचारू."

मिस्त्रींनी चमचा मांडीवर ठेवला आणि कितीतरी दिवसांनी एक लांब श्वास सोडला. काकू त्यांच्याकडं वळल्या. "पाणी नको पानांवर? एवढे दिवस हेच सांगत होता?" मिस्त्रींनी मान हलवली. होकाराची. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि काकूंच्याही, आणि बाहेर नणंद ओल्या पायांनी उभी राहून विचारत होती की कुणी तिला काही सांगणार आहे की नाही.

नणंदेनं तोडून आणलेलं एक पिवळं पान काकूंनी दिव्याखाली धरलं. उलटं केलं, खाली एकही कोळी नव्हता. सुलटं केलं. वरच्या बाजूला काळे ठिपके, कडा फिसकटल्यासारख्या, कागदावर शाई पसरावी तशा. आणि हे ठिपके काकूंनी पाहिले होते. जन्मभर पाहिले होते. ओल्या चादरी रात्रभर ढिगात राहिल्या की त्यांच्यावर अस्सेच डाग पडतात, बुरशीचे, आणि मग कितीही धुवा, जात नाहीत. संध्याकाळी ओला कपडा पसरल्याशिवाय घरी जायचं नाही, ही धुलाईखात्याची पहिली ताकीद. नव्या बायकांना ती काकू स्वतः द्यायच्या. आणि त्याच काकू दमट हवेत रोज संध्याकाळी झाड भिजवून त्याला रात्रभर तसंच ओलं ठेवत होत्या.

त्यांनी कपाळाला हात लावला. "अति तिथं माती म्हणतात ना, ती मी. बाहुली धुतली तश्शीच."

"बाहुलीला निदान काटे नव्हते," नणंद म्हणाली. मग भावाकडं वळून, "आणि तुझं काय रे? मी म्हणत होते प्रेम फुटलं."

मिस्त्रींच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. दुखण्यानंतर ते हसले की तेवढाच जायचा.

सकाळी काकूंची कंबर जरा सैल झाल्यावर दोघींनी मागच्या पायरीवर फळी टाकली आणि मिस्त्रींना धरून धरून अंगणात नेलं. घरी आल्यापासून ते त्या दारातून बाहेर गेले नव्हते. खुर्ची झाडाजवळ ठेवली. पानं अजूनही ओली होती. काकूंनी बोट लावून पाहिलं आणि ते पदराला पुसलं.

पुढचं सगळं मिस्त्रींनी डाव्या हातानं शिकवलं. आधी खाली पडलेली पानं दाखवली. काकूंनी ती झाडाच्या बुंध्याशीच ढकलून ठेवली होती, खत होईल म्हणून. मिस्त्रींनी नाकाला सुरकुत्या पाडल्या. रोगट पानं खाली राहिली तर पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर रोग पुन्हा वर चढतो, एवढं त्या सुरकुत्यांत होतं. नणंदेनं एकूण एक पान पिशवीत भरून कचऱ्यात टाकलं. मग झाडावरची ठिपकेवाली पानं, एकेक करून. मग मिस्त्रींनी बोटांची कात्री केली. काकूंनी कात्री आणली. मिस्त्रींनी हात आडवा धरला, अशी नको. काकूंनी विचार केला, आत गेल्या, आणि इस्पितळातल्यासारखी ती स्पिरिटनं पुसून आणली. आता मिस्त्रींनी आडवा हात बाजूला घेतला.

वाळत चाललेली फांदी काकूंनी वाळलेल्या भागाच्या कडेशी कापली. मिस्त्रींनी आतला गाभा पाहिला, तपकिरी होता. आणखी खाली, त्यांनी बोट दाखवलं. पुन्हा तपकिरी. काकूंचा जीव खालीवर होत होता. असं कापत गेलं तर उरणार काय? पुन्हा खाली. या खेपेला गाभा पांढराशुभ्र निघाला, सोललेल्या बदामासारखा. मिस्त्रींनी मान हलवली. पुरे. मधोमध एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्याही काढायला लावल्या, वारा खेळावा म्हणून. आणि अगदी बुंध्याशी, डोळा भरलेल्या गाठीच्याही खालून, एक हिरवागार जोमदार फुटवा आला होता. काकू त्यालाच रोज बघून धीर धरत होत्या. मिस्त्रींनी त्याच्याकडं बोट दाखवून हात झटकला.

"हा? हा तर एकच धड आहे सगळ्यांत."

मिस्त्रींनी त्याचं पान आणि वरचं पान शेजारी शेजारी धरलं. खालच्याची पानं बारीक, फिकट, वेगळीच.

"जंगली आहे तो, वहिनी," नणंद म्हणाली. "दादानं डोळा ज्याच्यावर भरला ना, त्याचा. पाहुणा म्हणून ठेवलं तर घर बळकावेल. माझ्या दिरासारखा."

काकूंनी तो मुळापासून ओढून काढला. नर्सरीवाल्याकडून बुरशीचं औषध आणून एका कोरड्या सकाळी फवारलं. आणि तेव्हापासून पाणी सकाळी, डब्यानं, मुळाशी. पानांवर थेंब नाही. आभाळ भरलेलं असलं की काकूंचे हात पाइपासाठी शिवशिवत. मग त्या अंगणाची फरशी धुऊन काढत, कोपऱ्यातली, झाडापासून लांबची.

झाड बरेच दिवस नुसतं काड्यांचं दिसलं. फिजिओबाई येत राहिली. फुलं नव्हती, पण आता मिस्त्री रोज सकाळी खुर्ची घेऊन अंगणात बसत, आणि तिनं ते हेरलं. उजवी मूठ उघडून तिनं तळव्यावर एक बशी ठेवली. मिस्त्री डाव्या हातानं रोगट पान तोडत आणि उजव्या हातातल्या बशीत टाकत. बशी पडायची. फुटत नव्हती, कारण ती स्टीलची होती. नणंदेला हा विचार आधीच सुचला होता. हळूहळू बशी पडणं कमी झालं.

मग एके दिवशी कापलेल्या फांदीच्या खालच्या डोळ्यातून तांबडा कोंब फुटला. मग दुसरा. पानं आली, स्वच्छ, एकाही ठिपक्याविना. काकू रोज उठल्या उठल्या जाऊन त्यांच्यावर बोट फिरवून बघत: कोरडी.

पहिलं फूल मिस्त्रींनी स्वतः तोडून घेतलं. कात्री डाव्या हातात, देठ काकूंनी धरलेला. फिजिओबाई त्या दिवशी मुद्दाम थोडा वेळ थांबली होती. नणंदेनं दुकानाला कुलूप घातलं होतं आणि म्हणत होती की ती सहज आलीये.

उजवा तळवा उघडला होता, पूर्ण नाही, पण देठ मावेल इतका. अंगठा देठावरून सरकत काट्यापाशी गेला, त्याला टेकला, रेटू लागला. काटा मोडला नाही. अंगठाच घसरला आणि काट्याचं टोक पेरात रुतलं.

"आ," मिस्त्री म्हणाले.

सगळ्या थांबल्या. अंगठ्यावर रक्ताचा एक थेंब गोळा झाला होता. मिस्त्री त्याच्याकडं बघत होते.

"दुखलं?" फिजिओबाईनं हळूच विचारलं. "काका, या हाताला दुखलं?"

मिस्त्रींनी मान हलवली. होकाराची, आणि पुन्हा एकदा, जोरात.

फिजिओबाई तिथंच खाली बसली. "कळलं त्यांना," ती काकूंना म्हणाली. "हाताला कळलं." तिचा आवाज जरा विचित्र झाला होता, म्हणून ती पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागली.

"जन्मात पहिल्यांदा बघतेय," नणंद नाक पुसत म्हणाली, "भावाला काटा टोचला आणि मी खूष आहे."

काकू आत जायला वळल्या, ओलं फडकं आणायला. रक्ताचा डाग आधी गार पाण्यानं. त्या दारात पोचल्या तोच मिस्त्रींनी डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर एकदाच टकटक केलं. काकू थांबल्या. हे नवं होतं, डेपोतल्या भाषेत याचा अर्थ काय ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं. मिस्त्रींनी पुन्हा देठ धरला होता, आणि अंगठा पुन्हा त्याच काट्यापाशी गेला होता. त्यांना फक्त काकूंनी बघायला हवं होतं.

काकू बघत उभ्या राहिल्या. काटा त्या दिवशी मोडला नाही. तो मोडायला आणखी बरेच दिवस लागले, आणि तेव्हाही एकच मोडला. बाकीचे काकूंनी कात्रीनं काढले. पण त्या सकाळचं ते फूल काट्यांसकट तसबिरीपुढं गेलं. काकूंनी हात जोडले. पाण्याचे आभार नेहमीसारखे त्यांच्या तोंडावर आले होते. त्या जरा थांबल्या, आणि त्याऐवजी चमच्याचे मानले. मग चहा ठेवला, चौघांचा.